पावसाळ्यात गारगोटी तांबडी का होते? सीएलच्या स्लाइडवरचं दरवर्षीचं दुखणं

लक्षण आधी सांगते, म्हणजे ज्यांचं दुखणं वेगळं आहे त्यांचा वेळ जायला नको. वालुकाश्माचा थिन सेक्शन (काचेवर चिकटवलेला खडकाचा पातळ छेद) कॅथोडोल्युमिनेसन्सच्या, म्हणजे सीएलच्या चेंबरमध्ये घातला, इलेक्ट्रॉनचा बीम लावला, आणि फेब्रुवारीत जे क्वार्ट्झचे, म्हणजे गारगोटीचे दाणे स्वच्छ निळे-जांभळे दिसले होते तेच जुलैत तपकिरी-तांबूस दिसताहेत. स्लाइड तीच, यंत्र तेच, बघणारी माणसंही तीच. फेल्डस्पार मात्र नेहमीसारखा झगझगीत निळा. दसऱ्यानंतर सगळं आपोआप ठीक होतं आणि पुढच्या जूनमध्ये पुन्हा तोच प्रकार.

मुंबईतल्या आमच्या लॅबमध्ये हे सलग तीन पावसाळे झालं. पहिल्या वर्षी मी लक्षच दिलं नाही. दुसऱ्या वर्षी एमएस्सीच्या दोन मुलींनी एकाच स्लाइडवरचे दाणे मोजले, एकीने एप्रिलमध्ये, दुसरीने ऑगस्टमध्ये. दोघींचे आकडे बघून वाटावं, एक खडक ग्रॅनाइटच्या मुलखातून आलाय आणि दुसरा शिस्टच्या, म्हणजे रूपांतरित खडकाच्या. प्रत्यक्षात खडक एकच, चंद्रपूरकडच्या सहलीत उचललेला कामठीचा (गोंडवनाच्या थरांतला) वालुकाश्म. ऑगस्टवाली म्हणाली, "मॅडम, हिने निळा लिहिलेला दाणा मला तांबडा दिसतोय." त्यावर एप्रिलवाली लगेच, "मॅडम, हिला रंगच कळत नाहीत." मी मधे पंच म्हणून बसले. चूक दोघींचीही नव्हती, हे कळायला मला आणखी एक पावसाळा लागला.

ज्यांनी सीएल पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. साध्या पेट्रोलॉजिकल मायक्रोस्कोपखाली क्वार्ट्झ कोऱ्या चेहऱ्याची असते. ज्वालामुखीतून आलेली, ग्रॅनाइटमधली, नाइस या रूपांतरित खडकातली, सगळ्या सारख्याच करड्या-पांढऱ्या. तिच्यावर निर्वात चेंबरमध्ये इलेक्ट्रॉनचा झोत सोडला की स्फटिकातले परके अणू आणि रचनेतले दोष उजळतात आणि प्रत्येक दाणा स्वतःचा रंग दाखवतो. १९७८ साली झिंकरनागेल यांनी याची ढोबळ विभागणी मांडली: जास्त तापमानाला तयार होऊन लवकर थंड झालेली क्वार्ट्झ निळी-जांभळी, प्रादेशिक रूपांतरणात सावकाश निवालेली तपकिरी, आणि गाळातच ३०० अंशांच्या खाली वाढलेली जवळजवळ काळीच, म्हणजे न उजळणारी. स्तरित खडकाचा माल कुठून आला हे शोधणाऱ्यासाठी ही विभागणी म्हणजे मोठाच आधार. वर्णपटात पाहिलं तर क्वार्ट्झचा निळा उंचवटा साधारण ४५० नॅनोमीटरला असतो आणि तांबडा ६५० च्या आसपास. आपल्या डोळ्याला दिसतो तो या दोघांचा तोल.

गोम इथेच आहे. हा तोल दाण्याच्या जन्मावर अवलंबून असतो, तसाच तो बीमखाली किती वेळ गेला यावरही असतो.

क्वार्ट्झच्या जाळीत प्रत्येक ऑक्सिजनने दोन्ही हातांनी एकेक सिलिकॉन धरलेला असतो. जिथे एक हात सुटलेला आहे, तिथून तो ६५० चा तांबडा प्रकाश येतो. इलेक्ट्रॉनचा मारा सुरू राहिला की असे सुटलेले हात वाढत जातात. ताणलेले बंध तुटतात, जाळीत अडकलेल्या हायड्रॉक्सिलमधला हायड्रोजन निघून जातो आणि मागे एकहाती ऑक्सिजन उरतो. त्याच वेळी निळा मंदावत जातो. परिणाम असा की पहिल्या दहा सेकंदांत निळा असलेला दाणा पाच-सात मिनिटांनी तांबूस-जांभळा किंवा सरळ तपकिरी दिसू लागतो. नेमका तोच रंग, जो आपण रूपांतरित खडकाचा म्हणून मोजतो.

हे पुस्तकात मी वाचलं नव्हतं असं नाही. वाचलं होतं, परीक्षेत विचारलंही होतं. पण ते "हायड्रोथर्मल (गरम पाण्यातून वाढलेल्या) क्वार्ट्झचा अल्पजीवी निळा-हिरवा" या मथळ्याखाली डोक्यात बसलं होतं. आपल्या साध्या वालुकाश्माला ते लागू पडेल असं वाटलं नाही. आणि पावसाशी त्याचं काय नातं असणार?

म्हणून आधी सगळे आडमार्ग झाले. कॅमेऱ्यावर संशय घेतला, त्याचं सेटिंग बदललं. कॅथोड काढून घासून साफ केला. पॉलिश नीट नसेल म्हणून स्लाइड पुन्हा पॉलिश केल्या (हे लक्षात ठेवा, पुढे याचाच घोळ झाला). छेद काचेला चिकटवायच्या इपॉक्सीचा नवा डबा आणला. आमचे लॅबचे काका, जे या यंत्राला माझ्यापेक्षा जास्त वर्षं ओळखतात, ते मधून मधून म्हणत, "मॅडम, दिवस ओले आहेत, ते पण बघा." मी ते ऐकलं नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा दोन महिने कारभार चालला. पुन्हा पॉलिश केलेली स्लाइड पहिल्या दिवशी छान निळी दिसली. म्हटलं चला, पॉलिशचंच होतं. चौथ्या दिवशी ती पुन्हा तांबडी.

उलगडा झाला तो निव्वळ अपघाताने. जुलैतली दुपार, बाहेर धो धो, लोकल बंद पडल्याचे मेसेज. मी बीम चालू ठेवून घरी फोन लावत बसले. वीसेक मिनिटांनी परत आले आणि दुसरा भाग बघायला स्टेज सरकवली, तर दृश्याच्या मधोमध एक कड सरकत गेली. कडेच्या या बाजूला सगळी क्वार्ट्झ तांबूस, त्या बाजूला निळी. एक दाणा तर असा सापडला की त्याचा अर्धा भाग निळा आणि अर्धा तांबडा, मधे ना भेग, ना वाढीची रेषा. बीमचा लंबगोल ठसाच उमटला होता स्लाइडवर. उन्हात पडलेल्या चादरीवर घडीची खूण उमटावी तसा.

मग पावसाचा धागा जुळायला वेळ लागला नाही. आमचं यंत्र कोल्ड कॅथोडचं आहे. त्यात तापलेली तार नसते. चेंबरमध्ये जी थोडी हवा उरलेली असते तिच्याच आयनांनी कॅथोडवर आदळून इलेक्ट्रॉन बाहेर काढायचे असतात. म्हणजे बीमचा करंट चेंबरमधल्या दाबावर चालतो. आम्ही साधारण १५ किलोव्होल्ट आणि अर्ध्या मिलीअँपिअरवर काम करतो. नवी यंत्रं हा दाब स्वतः सांभाळतात, आमच्या जुन्या यंत्रात सुईच्या व्हॉल्व्हने हाताने सांभाळावा लागतो. उन्हाळ्यात दोन मिनिटांत करंट स्थिर होतो. जुलैत हवेतली आर्द्रता नव्वदीच्या घरात असते, स्लाइडने, इपॉक्सीने, चेंबरच्या आतल्या भिंतींनी ओल धरलेली असते, आणि व्हॅक्यूम लागला की ती वाफ हळूहळू सुटत राहते. दाब वर-खाली, करंट वर-खाली. मग बसायचं व्हॉल्व्ह फिरवत, आठ-दहा मिनिटं. आणि हे सगळं करताना बीम कुठे? आपल्याला ज्याचा फोटो घ्यायचाय त्याच जागेवर! पहिला फोटो निघेपर्यंत दाणे भाजून निघालेले. एप्रिलवाल्या मुलीने ताजे दाणे मोजले होते, ऑगस्टवालीने शिळे.

तुमच्याकडे हेच होतंय का, हे पडताळायला अर्धा तास पुरतो. एखादी जुनी, बळी गेली तरी चालेल अशी स्लाइड घ्या. करंट स्थिर करा, पण स्लाइडच्या एका कोपऱ्यात. मग कधीही बीम न पडलेल्या जागेवर स्टेज न्या, आणि त्या क्षणापासून घड्याळ लावा. एक्स्पोजर दहा सेकंदांचं पक्कं ठेवा. शून्य, अर्धा, एक, दोन, पाच आणि दहा मिनिटं असे सहा फोटो घ्या, मधे कशालाही हात लावू नका. पहिला फोटो निळा आणि शेवटचा तांबूस आला तर निदान झालं. पहिल्याच फोटोत दाणा तपकिरी असेल आणि शेवटपर्यंत फारसा बदलला नाही, तर तो खरोखरच रूपांतरित खडकातला असण्याची शक्यता चांगली आहे. आणि क्वार्ट्झबरोबर बाकीची सगळी खनिजंही तांबडी सरकली असतील, तर बीमला दोष देऊ नका, कॅमेरा बघा. यासाठी दृश्यात थोडं कॅल्साइट (चुनखडकातलं खनिज) असलं तर फार सोय होते. त्याचा नारिंगी रंग मँगनीजमुळे येतो आणि तो बीमखाली सहसा हलत नाही. म्हणून मी आता प्रत्येक सत्रात एका कोपऱ्यात चुनखडकाचा छोटा तुकडा चिकटवलेली स्लाइड आधी बघते. नारिंगी कालच्यासारखी दिसली तरच पुढे.

आता उपाय. यातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त गुण देणारा उपाय म्हणजे करंट स्थिर करायची जागा वेगळी ठेवणं. स्लाइडच्या एका टोकाला, जिथे दाणे मोजायचे नाहीत, तिथे मार्करने मागच्या बाजूला एक खूण करा. सगळी खटपट तिथे. ज्यांच्या यंत्राला शटर किंवा बीम वळवायची सोय आहे त्यांनी ती वापरावी, आमच्याकडे नाही. करंट किमान दोन मिनिटं न हलता उभा राहिला की मग ताज्या जागेवर जायचं आणि थेट फोटो घ्यायचा. आधी डोळ्यांनी बघून "हा भाग छान आहे" असं ठरवायचं नाही. जागा निवडायची ती आधीच, साध्या प्रकाशात, स्टेजचे आकडे वहीत लिहून. आमच्याकडे आता वहीत एक नवा रकाना आहे: "बीम लागल्यापासून सेकंद." तो रिकामा असेल तर ती मोजणी मी तपासतच नाही. मुलींनी या रकान्याला "मॅडमचा जाच" असं नाव ठेवलंय, हे मला माहीत आहे.

दुसरं म्हणजे ओल कमी करणं. स्लाइड आदल्या रात्री ४० अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये. त्याहून फार वर नेऊ नका, इपॉक्सी मऊ पडते आणि छेद उचलला जातो. सकाळी डेसिकेटरमध्ये (ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात), आणि तिथून सरळ चेंबरमध्ये. मधे टेबलावर पंख्याखाली ठेवून चहाला जायचं नाही. डेसिकेटरमधलं सिलिका जेल गुलाबी पडलं असेल तर ते ओव्हनमध्ये पुन्हा निळं होईपर्यंत तापवून घ्या. (निळं ते गुलाबी होणारं हे सिलिका, आणि निळी ते तांबडी होणारी ती पण सिलिका. एकाचं दुखणं पाणी, दुसरीचं बीम. पावसाळ्यात दोघी एकाच कपाटात.)

पंप विसरू नका. रोटरी पंपाच्या तेलात पावसाळ्यात पाणी मिसळतं आणि तेल ताकासारखं पांढुरकं दिसायला लागतं. काचेच्या खिडकीतून ते दिसतं, फक्त वाकून बघायला हवं. असं तेल हवा तसा व्हॅक्यूम देत नाही. पंप चालू करून गॅस बॅलास्ट (पंपात थोडी हवा घेणारी झडप) अर्धा तास उघडा ठेवला तर बरीचशी वाफ निघून जाते, तरीही पांढुरकं राहिलं तर तेल बदला. काकांनी सांगितलेलं हे. ते म्हणतात त्याप्रमाणे आम्ही आता जूनच्या पहिल्या आठवड्यात तेल बदलतो, छत्र्या-रेनकोट काढतो तेव्हाच.

आणि ज्यांना सेक्शन स्वतः बनवायचे आहेत त्यांनी मुळातच लक्ष द्यावं. सच्छिद्र वालुकाश्माचा तुकडा कापताना पाणी पितो. तो नीट वाळवल्याशिवाय इपॉक्सी भरली तर छिद्रांत बुडबुडे राहतात आणि तेच पुढे चेंबरमध्ये हवा सोडत बसतात. ओलसर हवेत घट्ट होताना इपॉक्सीवर चिकट-तेलकट साय धरते, ती पुसून काढावी. जमलं तर सेक्शन बनवायचं काम ऑक्टोबर ते मे या काळातच उरकावं. जमत नाही हे मलाही ठाऊक आहे, कारण प्रबंध जमा करायची तारीख नेमकी सप्टेंबरात येते.

एवढं करूनही रंग विचित्र येत असतील तर दुसऱ्या गोष्टी शोधा. लाल, टोकदार, ठिणगीसारखे ठिपके भेगांमध्ये आणि दाण्यांच्या कडांना दिसत असतील तर ती बहुधा पॉलिशची अ‍ॅल्युमिना पावडर आहे. तिच्यात अंशमात्र क्रोमियम असलं तरी ती माणकासारखी लाल उजळते. अल्ट्रासॉनिकमध्ये धुवा. दाण्यांमधल्या जागा एकसारख्या फिकट निळसर दिसत असतील तर ती इपॉक्सी. पण कामठीसारख्या गोंडवनाच्या वालुकाश्मात छिद्रांत केओलिनाइट हे मातीचं खनिज असतं, आणि ते स्वतःही गडद निळं उजळतं. दोन्हीत फरक करायला साध्या प्रकाशात तीच जागा बघा, केओलिनाइटची पुस्तकासारखी चळत ओळखू येते. कॅल्साइटचं सिमेंट भरपूर असेल तर त्याची नारिंगी इतकी प्रखर असते की शेजारच्या क्वार्ट्झच्या कडांवर सांडते आणि दाण्याला लालसर किनार आल्याचा भास होतो. कॅमेऱ्याचं ऑटो व्हाइट बॅलन्स आणि ऑटो एक्स्पोजर दोन्ही बंद असायलाच हवेत. नाहीतर दृश्यात एक मोठा फेल्डस्पार आला की कॅमेरा घाबरून सगळं काळं करतो आणि बिचारी क्वार्ट्झ आणखी तपकिरी दिसते. हॉट कॅथोडवाल्यांनी तारेचा स्वतःचा लाल उजेड चेंबरमध्ये गळतोय का ते हाय व्होल्टेज न लावता एक फोटो घेऊन बघावं. आणि हो, सेक्शनवर कव्हर स्लिप असेल तर इलेक्ट्रॉन खडकापर्यंत पोचतच नाहीत, तुम्ही काचेचा रंग बघत बसता. हसू नका, दरवर्षी एकजण तरी हे करतंच.

फेल्डस्पार आणि क्वार्ट्झची गल्लत हा वेगळा आणि जुनाच विषय आहे. पोटॅश फेल्डस्पारचा निळा एका सेकंदाच्या एक्स्पोजरमध्ये डोळ्यात भरतो, क्वार्ट्झला दहा सेकंद द्यावे लागतात. निळा दिसला म्हणून क्वार्ट्झ लिहायचं नाही, किती सेकंदांत दिसला ते बघायचं.

आता थोडं आपल्या दारातलं. मला वारंवार विचारतात की मुंबईच्या किनाऱ्यावरच्या वाळूला हे तंत्र लावता येईल का. येईल, आणि तिथे वरचं सगळं दुप्पट लागू आहे. उल्हास आणि वैतरणा या दोन्ही नद्या दख्खनच्या बेसॉल्टवरून येतात, आणि बेसॉल्टमध्ये मूळची क्वार्ट्झ जवळजवळ नसते. म्हणून आक्सा किंवा गोराईच्या वाळूत काळे बेसॉल्टचे कण, मॅग्नेटाइट आणि शिंपल्यांचा चुरा भरपूर, गारगोटी त्या मानाने थोडी. जी असते तिला मोजके स्रोत. एक, बेसॉल्टच्या पोकळ्यांत झिओलाइटबरोबर मागाहून वाढलेली क्वार्ट्झ, कॅल्सेडनी आणि अकीक. दोन, मढ, मनोरी, उत्तन भागातले सिलिकायुक्त ज्वालामुखी खडक, म्हणजे र्‍हायोलाइट आणि त्याचे भाईबंद. आणि तिसरा, जो पुस्तकात नसतो तो, बांधकामाला आणलेली आणि ट्रकमधून सांडलेली परमुलखातली वाळू. किनाऱ्यावर बांधकाम चालू असेल तर तिथून नमुना उचलू नका, मी एकदा असाच एक मध्य भारताचा इतिहास जुहूवर शोधत बसले होते.

यातली पोकळ्यांतली क्वार्ट्झ ही कमी तापमानाच्या गरम पाण्यातून वाढलेली. तिचा निळसर-हिरवा उजेड अर्ध्या-एक मिनिटात मावळतो, अकीक कधी पिवळसरही उजळतो. म्हणजे स्रोत ओळखायची खूण पहिल्या अर्ध्या मिनिटातच आहे. ते अर्धं मिनिट व्हॉल्व्ह फिरवण्यात घालवलं तर हातात उरते ती एक तांबूस, बेवारस गारगोटी. शिंपल्यांचं म्हणाल तर ताज्या शिंपल्यांचा चुरा बहुतेक वेळा काळाच दिसतो, कारण समुद्राच्या पाण्यात मँगनीज फार कमी असतं. नारिंगी उजळायला लागला तर तो जमिनीखालच्या पाण्याने बदललेला कॅल्साइट समजा. शिंपल्यांतल्या ॲरागोनाइट या दुसऱ्या खनिजात मँगनीज शिरलं तर रंग हिरवट-पिवळ्याकडे झुकतो.

माझं एक मत सांगते, पटलं तर घ्या. नुसत्या रंगावर मुलूख ठरवणं मी सोडून दिलंय. वरचा बीमचा गोंधळ टाळला तरी ज्वालामुखीच्या आणि ग्रॅनाइटच्या क्वार्ट्झचे निळे रंग एकमेकांत मिसळतात. १९९७ साली सय्यदोलाली आणि सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवरच्या सीएलने पोत बघायची पद्धत मांडली, ती मला जास्त भरवशाची वाटते: ज्वालामुखीच्या क्वार्ट्झमध्ये वाढीचे पट्टे, ग्रॅनाइटी दाण्यांत कोळ्याच्या जाळ्यासारख्या भरून आलेल्या भेगा, रूपांतरितांमध्ये ढगाळ डाग. पोत बीमखाली एवढा लवकर बदलत नाही. आमच्याकडे ती सोय नाही, पण रंगीत सीएलमध्येही मोठे दाणे नीट बघितले तर पोत थोडाफार दिसतो. शिवाय काळ्या किनारीचं बघा. दाण्याभोवतीची न उजळणारी वाढ जर गोल घासली गेलेली असेल तर तो दाणा याआधी एकदा वालुकाश्मात राहून आलेला आहे. कामठीच्या बाबतीत हे महत्त्वाचं, कारण प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्याला एकीकडे बस्तरचे नाइस आणि ग्रॅनाइट आहेत आणि काठाला पाखालचे जुने क्वार्ट्झाइटही (रूपांतरित वालुकाश्म). दाणा थेट नाइसमधून आला की पाखालमध्ये वस्ती करून, हे रंग सांगणार नाही, ती घासलेली किनार सांगेल. फक्त किरणोत्सारी खनिजाशेजारच्या वलयाला किनार समजू नका. झिरकॉनसारख्याला चिकटलेल्या जागी ३०-४० मायक्रॉनचं उजळ वलय येतं. ते अल्फा कणांचं काम, ते दाण्याला सगळीकडून वेढत नाही.

काहीजण हल्ली सीएलऐवजी ओएसएलच्या (उजेड टाकून दाण्यात साठलेला प्रकाश बाहेर काढायच्या तंत्राच्या) संवेदनशीलतेवरून वाळूचा मुलूख शोधतात. तिथेही पहिल्या सेकंदाचंच राज्य आहे. ४७० नॅनोमीटरच्या निळ्या दिव्याने क्वार्ट्झ चेतवली की त्या प्रकाशातल्या जलद घटकाचा (लवकर संपणाऱ्या भागाचा) उजेड पहिल्या एका सेकंदात बहुतांश संपतो, आणि त्याचं प्रमाण किती यावरून दाणा किती वेळा झिजला-निजला-तापला याचा अंदाज घेतात. त्यात आमच्यासारख्या सीएलवाल्यांनी एक चूक हमखास करू नये: थिन सेक्शन बनवून, उजेडात फिरवून, बीमखाली भाजलेला खडक ओएसएलला पाठवायचा नाही. त्यासाठीचा नमुना वेगळा आणि सुरुवातीपासून अंधारात. फेल्डस्पार राहिला असेल तर तिथे अवरक्त किरणांनी चाचणी घेतात, ते प्रयोगशाळेवर सोडा. फेल्डस्पार काढायला लागणारं हायड्रोफ्लोरिक आम्ल कॉलेजच्या लॅबमध्ये हाताळायची हौस कृपा करून करू नका.

सीएलच्या यंत्रातही १५-२० किलोव्होल्टला क्ष-किरण निघतात, म्हणून बघायच्या खिडकीला शिशाची काच असते आणि झाकणाला इंटरलॉक (झाकण उघडलं की बीम बंद करणारी कळ). पावसाळ्यात व्हॅक्यूम नीट लागत नाही म्हणून वैतागून इंटरलॉकला टेप लावलेला मी एका ठिकाणी पाहिलाय. ते करायचं नाही, एवढंच.

राहता राहिल्या जुन्या, भाजलेल्या स्लाइड. त्या फेकायच्या नाहीत. १५ किलोव्होल्टचे इलेक्ट्रॉन क्वार्ट्झमध्ये जेमतेम दोन-तीन मायक्रॉन शिरतात, म्हणजे नुकसान वरच्या पापुद्र्यात आहे. हिऱ्याच्या पेस्टने पाच-एक मायक्रॉन काढले की खाली ताजी क्वार्ट्झ मिळते. म्हणूनच तर त्या वर्षी पुन्हा पॉलिश केलेली स्लाइड पहिल्या दिवशी निळी दिसली आणि मी पॉलिशला श्रेय देऊन मोकळी झाले. ३० मायक्रॉनच्या सेक्शनला असं दोनदा, फार तर तीनदा करता येतं, मग साध्या मायक्रोस्कोपखालचे ध्रुवित प्रकाशातले रंग बिघडतात. आम्ही आता स्लाइडच्या पाठीवर पेन्सिलने चौकट आखून, कुठे बीम पडला त्याच्यावर तिरक्या रेघा मारतो. ऑगस्टवाल्या मुलीची मोजणी आम्ही या डिसेंबरात ताज्या पृष्ठभागावर पुन्हा घेतली, दहा सेकंदांच्या आत. या वेळी दोघींचे आकडे जवळ आले. एप्रिलवालीने मात्र अजून "हिला रंग कळत नाहीत" हे मागे घेतलेलं नाही.